एक नंबरची खुर्ची

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कुणी "जरा सरकता का?" म्हटलं, की त्या आधी म्हणणाऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि मग विचारतात, "का?" कारण पटलं तर नुसत्या सरकत नाहीत, जागा पुसूनही देतात. नाही पटलं तर मात्र हलवून दाखवा. मी या घरात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आमची जुंपली होती. दोरीचा उन्हाकडचा अर्धा भाग अजूनही त्यांचाच आहे.

तशा त्या दिसायला काही दांडग्या नाहीत. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पाय थोडे फेंगडे. आवाज मात्र असा, की किनाऱ्याच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा जीवरक्षक दचकून शिट्टी तोंडात घालतो. समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये त्या बावीस वर्षं आरामखुर्च्या सांभाळत आल्या आहेत. साहेब लोक त्या खुर्च्यांना लाउंजर म्हणतात. जाऊबाई नुसतं खुर्ची म्हणतात. पाठ टेकता आली की झाली खुर्ची.

मीही तिथेच कामाला आहे, धुलाईखान्यात. किनाऱ्यावरचे टॉवेल माझ्याकडे येतात आणि धुऊन, घड्या होऊन जाऊबाईंकडे जातात. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी खुर्च्यांवर बदली म्हणून मीच उभी राहते. धुलाईखान्याच्या मागे कंपनीच्या दोन खोल्या आहेत. एकीत जाऊबाई आणि भाऊजी, दुसरीत आम्ही तिघं, मध्ये एक भिंत. तीही अशी की त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मी आपला गॅस बंद करायला उठते. दोन्ही खोल्या जाऊबाईंच्या नावावर, कारण कायम नोकरी एकट्या त्यांचीच. मी रोजंदारीवर, आमचे हे टेम्पोवर, आणि भाऊजींनी गुडघे गेल्यापासून बागकाम सोडलेलं. म्हणजे जाऊबाईंची नोकरी तोवर आमच्या डोक्यावर छप्पर. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. तेवढ्यात माझ्या लेकीची शेवटची परीक्षा होऊन जाईल, मग बघू कुठे जायचं ते, असं आम्ही धरून चाललो होतो. मी तर रोज सकाळी मनात म्हणायची, देवा, या बाईच्या तोंडाला दीड वर्ष कुलूप घाल.

आता खुर्च्यांचं सांगते. आरामात लोळायला आलेली माणसं जागेसाठी किती भांडतात, ते तिथे काम केल्याशिवाय कळत नाही. नाश्त्याच्याही आधी, झोपेच्या कपड्यांत, केस विस्कटलेले, अशी चांगली शिकलीसवरलेली मंडळी खाली धावत यायची. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर टॉवेल टाकायचा, त्यावर एक पुस्तक पालथं, खाली एक चप्पल, आणि परत खोलीत जाऊन झोपायचं. खुर्ची अडवली! एका कुटुंबाने तर नऊ खुर्च्या अडवल्या होत्या आणि माणसं होती चार.

जाऊबाईंकडे यावर एक विद्या होती. त्या टॉवेलवर तळवा ठेवायच्या. अंथरलेला टॉवेल वेगळा आणि बसलेला टॉवेल वेगळा. बसलेला मधे दबतो, कडेला चुरगळतो, कुठेतरी ओला लागतो, रेती धरतो. अंथरलेला माझ्या घडीच्या रेघा दाखवत निजून असतो. तासाभराने टॉवेल तसाच कोरा असला, की जाऊबाई त्याची घडी करून कठड्यावर ठेवायच्या, पुस्तक वर, चप्पल खाली, नीट जोडीने. आणि खुर्ची ज्याला हवी त्याला. मग साडेदहाला टॉवेलचे मालक डोळे चोळत यायचे आणि आरडाओरडा करायचे.

"माझा टॉवेल होता इथे!"

"होता ना. टॉवेल सकाळीच आला होता. तुम्हीच नव्हता आलात."

टॉवेल उचलून मागच्या रांगेत जायचे. त्यांचा नियम एकच होता, आणि तो त्या दर मोसमात नव्या पोरींना एका दमात सांगायच्या: "रिकामी खुर्ची कुणाचीही. बसलेली खुर्ची बसणाऱ्याची. बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. यात शिकवायचं काय आहे?"

दुसरी विद्या पाण्याची. आमचा किनारा उताराचा नाही, पसरट आहे. पाणी दिवसातून दोनदा चढतं, उतरतं, आणि पंधरवड्यातून एकदा उधाण आलं की भलतंच वर येतं. चार रांगा, रांगेत बारा खुर्च्या, अशा अठ्ठेचाळीस खुर्च्या. जाऊबाई सकाळी पाण्याच्या कडेला उभ्या राहून रेतीत टाच रोवून बघायच्या आणि हात करायच्या, "आज सात पावलं मागं." की लागा ओढायला. उधाणात सगळ्या रांगा पार नारळाच्या झाडांपर्यंत मागे जायच्या, भांगाच्या दिवसांत पुन्हा खाली. भांग म्हणजे महिन्यातले ते दिवस, जेव्हा भरती अगदीच मवाळ असते. पहिली रांग अशी एका जागी कधी नव्हतीच. पाणी असेल त्याच्या अलीकडे ती असायची.

मग मोजपट्टी साहेब आले. हे नाव अर्थातच जाऊबाईंनी ठेवलेलं. मुख्य कार्यालयातून पाठवलेला तिशीतला माणूस, गोरटेला, कामसू, वाईट मुळीच नाही. पण खिशात कायम टेप. पहिल्या दिवशी त्याने किनारा मोजला, दुसऱ्या दिवशी खुर्च्या मोजल्या, पाचव्या दिवशी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं की, टॉवेलांची भांडणं आता संपली. पुढच्या महिन्यापासून खुर्ची मोबाइलवर आरक्षित करायची. पहिली रांग सगळ्यात महाग, दुसरी त्याहून कमी, तिसरी आणखी कमी. चौथी, झाडांखालची, फुकट. जो येईल त्याची.

"नंबर ठरलेले राहतील," साहेब म्हणाले. "खुर्च्या हलवायच्या नाहीत. प्रत्येक छत्रीचा खांब काँक्रीटमध्ये बसवणार, खुर्ची त्याला साखळीने."

जाऊबाईंनी हात वर केला.

"साहेब, पहिली रांग कुठं बसवणार?"

"इथे." त्यांनी रेतीत मारलेली चुन्याची रेघ दाखवली. "भरतीची कमाल रेषा मी स्वतः चार दिवस मोजलीय. तिच्या वर पाच मीटर सोडलेत."

"हे चार दिवस भांगाचे होते. उधाणात इथं पाणी येतं."

"मावशी, माझ्याकडे तक्ता आहे."

"असू दे की. तक्ता समुद्रानं बघितलाय का?"

सगळे हसले. साहेबही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खांब बसले. पितळी नंबर लागले. एक ते बारा, पहिली रांग.

सुरुवातीचे काही दिवस खरंच शांत गेले, हे कबूल करायला हवं. पैसे भरलेले लोक अकरा वाजता डुलत डुलत यायचे, आपला नंबर शोधायचे आणि पडायचे. भांडणं बंद झाली नव्हती, फक्त चौथ्या रांगेत सरकली होती. छत्तीस खुर्च्या विकायला काढल्यावर बाकीच्या सगळ्या जगाला बारा उरल्या. दिवसाचा पास काढून येणाऱ्या बाहेरच्या लोकांची सकाळी फाटकापाशी रांग लागायची. बरं, पहिल्या रांगेतल्या कितीतरी खुर्च्या दिवसभर रिकाम्या, पण साखळीला बांधलेल्या. जाऊबाईंच्या अंगाची नुसती लाही व्हायची. रिकामी खुर्ची आणि उभा माणूस एकाच वेळी डोळ्यांसमोर असणं त्यांना सोसत नसे. दिवसभर धुसफुसायच्या आणि संध्याकाळी भाऊजींवर डाफरायच्या. बिचाऱ्यांचा काय दोष?

आणि मग उधाण आलं.

पहिला दिवस. दुपारी बाराला भरती. मी स्वच्छ टॉवेलांची गाडी ढकलत किनाऱ्यावर आले तर पहिल्या रांगेच्या पायात पाणी. दहा मिनिटांत पोटरीएवढं झालं. खांब घट्ट, खुर्च्या साखळीला घट्ट, आणि पैसे भरलेली बारा माणसं पिशव्या डोक्यावर घेऊन पळताहेत. पाठोपाठ दुसरी रांग उठली. एका गॉगलवाल्या गृहस्थांनी कुटुंबासाठी चार नंबर घेतले होते. त्यांचा एक बूट तरंगत निघाला होता. ते भिजलेल्या पायांनी तडक चौथ्या रांगेपाशी आले, कारण आता पाण्यालगत काय होतं, तर तिसरी रांग भरलेली आणि मग फुकटची चौथी.

चौथ्या रांगेत पहिल्या खुर्चीवर एक म्हातारी झोपली होती. तिचा मुलगा बसवर ड्रायव्हर. एका दिवसाची रजा टाकून आईला समुद्र दाखवायला घेऊन आला होता. पहाटे फाटकापाशी पहिला नंबर त्याने लावला होता, मीच पाहिला होता. आई तोंड उघडं टाकून, हात पोटावर ठेवून गाढ झोपलेली, आणि हा शेजारी बसून तिच्या पायावर सावली राहावी म्हणून वर्तमानपत्र धरून होता.

"उठवा यांना," गॉगलवाले म्हणाले. "आम्ही पहिल्या रांगेचे पैसे भरलेत. पहिली रांग पाण्यात गेली. म्हणजे आता ही पुढची रांग आमची."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोणत्या नंबराचे पैसे भरलेत?"

"तीन ते सहा."

"तीन ते सहा तिथं आहेत." जाऊबाईंनी पाण्याकडे हात केला. "तुमच्याच नावावर आहेत. कुणी घेतलेल्या नाहीत."

लोक खो खो हसले. ड्रायव्हर अर्धवट उठला होता, त्याला जाऊबाईंनी खांद्याला धरून खाली बसवला. तेवढ्यात मोजपट्टी साहेब धावत आले. पाण्याने त्यांचा तक्ता मानला नव्हता आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. घाबरलेला माणूस चढ्या आवाजात बोलतो, तसे ते बोलले.

"मावशी, या लोकांना मागे उभं करा आणि खुर्च्या मोकळ्या करून द्या."

"नाही करणार."

"मी हुकूम देतोय."

"ऐकला मी. ती बाई झोपलीय. मी बावीस वर्षांत बसलेलं माणूस उठवलं नाही, झोपलेलं कुठनं उठवू?"

म्हातारी खरंच जागी झाली नाही. गॉगलवाले पाय आपटत गेले, पैसे परत मागायला. आणि माझी पाचावर धारण बसली.

संध्याकाळी कागद आला. टाइप केलेला, एका पानाचा. 'पैसे भरलेल्या पाहुण्यांना पाण्यालगतची रांग मोकळी करून देणे हे माझे कर्तव्य होते. ते मी केले नाही व पाहुण्यांशी उद्धटपणे बोलले. याबद्दल मी माफी मागते. यापुढे ते कर्तव्य करीन.' खाली सहीची जागा. उद्या संध्याकाळपर्यंत सही करून द्यायचा. नाहीतर नोकरी संपली, आणि महिन्याच्या आत खोल्या रिकाम्या.

भाऊजी म्हणाले, "करून टाक सही. कागदावर लिहिल्यानं काय भोकं पडतात?"

"पडतात," जाऊबाई म्हणाल्या.

"अगं, दीड वर्ष राहिलं..."

"म्हणून? दीड वर्षासाठी त्या बसलेल्या लोकांना मी हाताला धरून उठवू? उद्या तुम्हाला कुणी उठवलं तर? या गुडघ्यांनी कुठं जाल?"

कागद त्यांनी डाळीच्या डब्याखाली सरकवला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या, त्या दिवशी जरा जास्तच जोरात. मी माझ्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले होते. माझी लेक पुस्तकावर वाकलेली. मला खरं सांगायचं तर जाऊबाईंचा राग आला होता, भयंकर राग. यांचा ताठा, आणि बिऱ्हाड डोक्यावर घेऊन हिंडायचं आम्ही! यांना काय, पोरबाळ नाही. असं मी मनात म्हटलं. म्हटलं ते म्हटलंच, आता लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या किनाऱ्यावर असताना मी डब्याखालून कागद काढला. त्यांचे सगळे अर्ज, फॉर्म आजवर मीच भरत आले होते. त्या फक्त सही करायच्या, सावकाश, जीभ दातांत धरून. ती सही मला पाठ होती. मी ती केली. कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. परत येताना मला हलकं वाटलं, हेही खरं.

त्या दिवशी साहेबांनी पहिल्या रांगेपुढे रेतीची पोती रचली होती. पोत्यांनी पाणी अडवलं, म्हणजे साहेबांना तसं वाटलं. खरं तर त्या दिवशी वारा पडला होता. साहेब खुशीत. संध्याकाळी जाऊबाई निघाल्या तर त्यांनी फाटकापर्यंत येऊन सांगितलं, "बरं झालं मावशी, समजूतदारपणा दाखवलात. तुमच्या माफीची प्रत मी सूचनाफलकावर लावलीय. बाकीच्यांनाही कळेल."

जाऊबाई फलकापाशी गेल्या. मी धुलाईखान्याच्या दारातून बघत होते. त्या पाच मिनिटं उभ्या होत्या. मग घरी आल्या, पाय धुतले, आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकोणीस वर्षांत त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी ऐकला नव्हता.

"माझ्या नावानं तू माफी मागितलीस."

"जाऊबाई, पोरीची परीक्षा..."

"ते मला कळतं. मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणून तर विचारायचंस."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मला वाटलं, आता ही बाई उठून साहेबाकडे जाणार आणि सांगणार की ही सही माझी नाही. सांगितलं असतं तर त्यांच्या अंगावरचा डाग गेला असता आणि माझी नोकरी गेली असती. त्या गेल्या नाहीत. आत येऊन माझ्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "तुझा हात सहीला बरा चालतो. मोबाइलवर चालतो का? उद्या माझी सुट्टी आहे. पहिल्या रांगेतली एक नंबरची खुर्ची घे. दिवसाचा पास पण घे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"अहो, दोन दिवसांचा पगार जाईल!"

"जाऊ दे. नाव माझंच घाल, खोटं काही नको."

घातलं. फॉर्ममध्ये नाव, वय, किती माणसं, एवढंच विचारलं होतं. तुम्ही इथंच खुर्च्या ओढता का, असं कुठे विचारलं नव्हतं. हिरवी खूण आली. 'आपले स्वागत आहे.'

तिसरा दिवस. उधाणाचा तिसरा दिवस सगळ्यात जोराचा, हे जाऊबाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, समुद्राला माहीत होतं. सुट्टीमुळे खुर्च्यांवर मी. बारा वाजता जाऊबाई आल्या, पुढच्या दाराने, पाहुण्यांच्या. ठेवणीतले कपडे, पायात भाऊजींनी पुसून दिलेल्या चपला, हातात पर्स. फाटकावरच्या पोराने "मावशी?" म्हटलं तर मोबाइल त्याच्या नाकापुढे धरला. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "एक नंबर."

मी त्यांना खुर्चीपाशी नेलं. टॉवेल अंथरला. बावीस वर्षांत ही बाई त्या खुर्चीवर एकदाही बसलेली नव्हती. कशी बसायची तेही पटकन जमेना, आधी बाजूला बसल्या, मग पाय वर घेतले, मग पाठ टेकली. "बरी आहे," म्हणाल्या. "मान जरा दुखते."

दीडच्या सुमाराला वारा सुटला आणि पाणी पोत्यांवरून आलं. पोती फुटली. रांगेतले बाकीचे लोक पिशव्या घेऊन पळाले. जाऊबाई हलल्या नाहीत. पाणी खुर्चीच्या पायांना लागलं, मग चौकटीला, मग टॉवेलला. पर्स त्यांनी छातीवर धरली होती. जीवरक्षक धावत आला. "मी बुडत नाही," त्याला सांगितलं. "साहेबाला बोलाव. पैसे भरलेल्या पाहुणीनं बोलावलंय म्हण."

साहेब आले. गुडघाभर पाण्यात एक नंबरवर कोण आहे ते पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले.

"मावशी, हे काय? उठा आधी!"

"का उठू? मी पहिल्या रांगेचे पैसे भरलेत. माझी पहिली रांग पाण्यात गेली. मला पाण्यालगतची रांग मोकळी करून द्या. ते तुमचं कर्तव्य आहे. फलकावर लिहिलंय, माझ्या सहीनं."

किनाऱ्यावरची माणसं गोळा झाली होती. मागे तिसऱ्या रांगेच्याही पायात पाणी आलेलं, म्हणजे पाण्यालगत उरली चौथी. तिथे कडेला कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या तिघी मैत्रिणी बसल्या होत्या. आठवड्यातली एक सुट्टी, सकाळी सहापासून फाटकावर उभ्या राहून मिळवलेली जागा, चपला काढून सुजलेले पाय वर घेतलेले. त्यांना सगळं ऐकू गेलं. त्यातली एक चप्पल शोधायला लागली. "आम्ही उठतो की," म्हणाली. "भांडण नको."

"बसा!" जाऊबाई पाण्यातून ओरडल्या. तिघी बसल्या. मला वाटतं, सोबत आणखी चारपाच जणही बसले.

साहेबांना आता दोनच वाटा होत्या. एक तर त्या तिघींना उठवून आपल्याच खुर्चीवालीला तिथे बसवायचं, नाहीतर सगळ्यांसमोर म्हणायचं की कुणाला उठवायचं नाही. दुसरं म्हटलं की त्या कागदाला अर्थ उरत नव्हता. त्यांनी घाम पुसला आणि तिसरी वाट काढली. माझ्याकडे वळले.

"ड्यूटीवर तुम्ही आहात ना? त्यातली एक खुर्ची मोकळी करा. चला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जाऊबाई मात्र बघत नव्हत्या. त्या समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या, जणू हे माझं माझ्याशीच आहे. मला लेकीचं पुस्तक दिसलं, डाळीचा डबा दिसला. त्या शिलाईवालीचा पाय दिसला, घोट्याला दोरा बांधल्यासारखा सुजलेला. मी भित्री आहे. लहानपणापासून आहे. आणि तरी तोंडातून आलं ते असं:

"नाही उठवणार."

"काय?"

"नाही उठवणार. आणि फलकावरची सही माझी आहे. जाऊबाईंची नाही. त्यांनी माफी मागितलेली नाही. मी घाबरून केली होती. काढा तो कागद."

मला वाटलं होतं हे बोलल्यावर काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. मागून पाच नंबरवाल्या बाई, ओला झालेला मोबाइल झटकत, म्हणाल्या, "त्या बरोबर बोलताहेत. यांना उठवून मला काय तिथं झोप लागणार आहे? तुम्ही आमचे पैसे परत द्या." मग आठ नंबर बोलले, मग बारा नंबर. सगळे मिळून साहेबांवर तुटून पडले. तुम्ही खुर्ची विकली की समुद्र विकला, असंही कुणीतरी म्हणालं. साहेबांच्या बुटांत पाणी शिरलं होतं. शेवटी ते म्हणाले, हळू आवाजात, "बरं. कोणाला उठवायचं नाही."

"ऐकू आलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "लाटांचा आवाज आहे."

"कोणालाही उठवायचं नाही!" साहेब ओरडले. आणि त्यात थोडं हसूही होतं त्यांच्या, हे मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवते.

खोल्यांचं म्हणाल तर कुणी रिकाम्या करायला सांगितल्या नाहीत. कागद दुसऱ्या दिवशी फलकावरून गेला, कुणी काढला ते कळलं नाही. माझी आठ दिवसांची रोजंदारी कापली, ती मी निमूट सोसली, कारण सही मी केलीच होती. आरक्षण बंद झालं नाही. लोक अजूनही पहिल्या रांगेला पैसे मोजतात आणि उधाणात भिजतात. पण फॉर्मच्या खाली आता एक ओळ आली आहे, पाणी आल्यास मागील रांगेवर हक्क राहणार नाही. ती ओळ लिहायला समुद्राला आणि आमच्या जाऊबाईंना तीन दिवस लागले.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी साहेब निघून गेले, गर्दी पांगली, आणि मी पाण्यात उतरून एक नंबरपाशी गेले. लाट आली की त्यांची कंबर भिजत होती. ठेवणीतल्या कपड्यांची पार वाट लागली होती. मला वाटलं त्या शाबासकी देतील, किंवा सहीवरून एक तरी टोमणा मारतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझं मत विचारलं.

"उठू का गं आता?"

मी कठड्यावरून कोरडा टॉवेल आणला, त्याची घडी करून त्यांच्या मानेखाली दिली.

"बसा अजून," मी म्हटलं. "पैसे भरलेत आपण."